भिंतीवरची वारी

मंडळी, आळंदीहून पंढरपूरची वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरानं ती चालून पुरी केली, आणि तरी रोज रात्री आम्ही आपापल्या घरीच जेवलो. कसं ते सांगतो.

आईला साखरेचा आजार. डॉक्टरांनी औषधाबरोबर रोज चालायला सांगितलं. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरी हे काय सांगायचं? पण खरं बघा. नांगरट ट्रॅक्टरनं होते, मळ्यात आपण मोटारसायकलनं जातो, नळ दारात आला. आईचं तर शेतात जाणंच सुटलेलं. चार दिवस ती चालली. पाचव्या दिवशी म्हणाली, "उगीच जायचं नि उगीच माघारी यायचं!" आणि बसली.

तोड काढली पुण्याच्या अक्कानं. "आई, तुला पुन्हा वारीला जायचंय ना? तू गावात चाल, मी इथं चालते, हा मळ्याच्या वाटेनं चालेल. तिघांचे किलोमीटर एकत्र धरू."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पालखीची वाट काढली. मारुतीच्या देवळापासून कालव्यापर्यंत मोटारसायकलच्या मीटरवर एक किलोमीटर भरलं. आई जाऊन येऊन दोन, मी तीन, अक्का तीन, दिवसाचे आठ. रविवारी फोनवर बेरीज करायची आणि आईनं आपली टिकली नकाशावर पुढं चिकटवायची.

पहिल्या रविवारी ५६ झाले. टिकली दिवेघाट चढून सासवडला! वीस वर्षांपूर्वी आई हा घाट पायी चढली होती. मागं वळून पाहिलं की पताकांची ओळ संपतच नाही, असं ती सांगू लागली. पुढं जेजुरीचा भंडारा आला, वाल्हे आलं, नीरेतलं पादुकांचं स्नान आलं. दुसऱ्या रविवारी ११२ किलोमीटर. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघून आम्ही तरडगावात.

आणि तिथंच अडलो. तूर काढणीला आली. आठवडाभर मी पाऊल टाकलं नाही. आई आणि अक्कानं मात्र ३५ किलोमीटर घातले होते. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." आईनं टिकली हलवली नाही. म्हणाली, "दिंडीतलं माणूस मागं टाकून जायचं नसतं. तू ये, मग निघू."

दुसऱ्या दिवशी अंधारातच मी चालायला निघालो. त्या रविवारी टिकली तिथून उठली. मग फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी कधी मागं पडली ते कळलं नाही.

शेजारी हसले. आईनं उत्तर दिलं, "२०२० साली साथ आली तेव्हा माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आम्ही भिंतीवरून गेलो तर काय बिघडलं?"

तुम्हीही करून बघा. दहा हजार पावलांच्या आकड्याची धास्ती नको. तो १९६५ सालच्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. वाट तुमच्या आवडीची घ्या. माहेरची घेतली तरी चालेल. मात्र सोबती दोन-तीन हवेतच, आणि बेरजेचा वार ठरलेला हवा. साखरेच्या माणसानं अनवाणी चालू नये, खिशात खडीसाखर ठेवावी, आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

टिकली पंढरपुरात पोचली त्या दिवशी मी कॅलेंडर उतरवायला गेलो. आईनं हात धरला.

"अरे, पालखी परत आळंदीला येते. माघारी कोण यायचं?"


दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पायात चप्पल होती.