परक्या देवीच्या टेबलाशी एक तास

आमची पुतणी इंग्लंडमध्ये एका इस्पितळात परिचारिका आहे. एरवी तिच्या फोनवर थंडी, रात्रपाळी आणि तांदळाचा भाव यापलीकडे बोलणे जात नाही. जानेवारीच्या शेवटी मात्र तिने भलताच प्रश्न टाकला. "काकू, मी एका देवीच्या टेबलाशी तासभर उभी राहिले तर बावीस प्रतिज्ञा मोडतात का गं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. तेवढ्यात आमच्या आईंनी फोन मागून घेतला. "कोणती देवी? तिकडं पण आहेत का?" त्यांचा पहिला प्रश्न हा.

हकीकत अशी. पुतणीच्या वॉर्डातली एक गोरी सहकारीण स्वतःला ‘पेगन’ म्हणवते. वर्षातून काही वेळा ही मंडळी भाड्याच्या सभागृहात जमतात आणि त्यांचा मेळा भरतो. तिथे कायमचे देऊळ नसते, पुजारीही नसतो. ज्याला ज्या देवाबद्दल आपुलकी, त्याने त्या देवाच्या टेबलाचे यजमानपण घ्यायचे. चादर अंथरायची, मेणबत्ती लावायची, पाण्याची वाटी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला त्या देवाची माहिती सांगायची, कपड्याला कुठे जाळ लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचे आणि मेळा संपला की सगळे आवरून झाडून द्यायचे. या बाईने तीन टेबले अंगावर घेतली होती आणि तिला माणूस कमी पडत होता. ब्रिजिड नावाची देवी कविता, वैद्यकी आणि लोहारकाम या तिन्हींची मानतात. तिच्यापाशी एखादी परिचारिका तासभर बसली तर शोभून दिसेल, असे त्या सहकारिणीचे म्हणणे.

वाचकांना हे देव कोण, असा प्रश्न पडेल. आम्हालाही पडला, म्हणून थोडी शोधाशोध केली. रोमन साम्राज्य पसरण्याआधी युरोपच्या मोठ्या भागात केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथे त्या भाषा आजही जिवंत आहेत. या लोकांनी आपल्या देवांची पोथी लिहून ठेवली नाही. जे कळते ते रोमन लोकांच्या लिखाणातून, दगडांवरच्या कोरीव लेखांतून आणि पुढे ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी लिहून ठेवलेल्या आयरिश कथांतून. एपोना ही घोड्यांची देवी, तिला रोमन घोडदळानेही आपली मानले. केर्नुनॉस हा हरणाची शिंगे असलेला देव. त्याचे नाव कोरलेला दगडी खांब १७१० साली पॅरिसच्या मोठ्या चर्चखाली खणताना सापडला. इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम पाण्याचा झरा आहे. तिथल्या सुलिस देवीला लोक शिशाच्या पातळ पत्र्यांवर तक्रारी लिहून पाण्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत आणि त्यांत बहुतेक चोरीच्या तक्रारी आहेत. कुणाचा अंगरखा गेला, कुणाचे हातमोजे गेले. चोराचे वाटोळे कर, असे देवीला साकडे. हे ऐकून आई खळखळून हसल्या. "म्हंजे आपल्याकडच्यासारखंच की! गरिबाचं गेलं की पोलीस नाही, देवीच."

आयर्लंड-स्कॉटलंडात झऱ्याकाठच्या झाडांना आजारी माणसाच्या कपड्याच्या चिंध्या बांधतात. अशी झाडे आपल्याकडच्या वाटांवर कुणी पाहिली नाहीत? ब्रिजिडचे तर आणखी नवल. याच नावाची एक ख्रिस्ती संतही आयर्लंडमध्ये होऊन गेली. देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होते यावर विद्वान अजून भांडतात. दोघींचा दिवस एकच, १ फेब्रुवारी. किल्डेअर गावी तिच्या नावाचा अखंड अग्नी पूर्वी जोगिणी राखत. तो १९९३ साली पुन्हा पेटवला, तोही ख्रिस्ती जोगिणींनीच. २०२३ पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. ब्रिजिट हे नाव वसईत काही नवीन नाही. भुईगाव, गास, निर्मळ या पट्ट्यातल्या कुपारी वस्तीत हाक मारली तर दोन घरांतून ओ येईल. नाव इतके फिरत फिरत येथवर आले.

‘पेगन’ या शब्दाची कथाही आपण लक्षात घेण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खेड्यातला माणूस. ख्रिस्ती धर्म शहरांत बळावल्यावर जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हिणवण्यासाठी तो वापरात आला. विसाव्या शतकात काही लोकांनी तोच शब्द उचलून छातीवर लावला. ब्रिटनमध्ये चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर ही मंडळी उघडपणे जमू लागली. हिणवण्याचा शब्द उचलून स्वाभिमानाने मिरवणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

पण म्हणून पोरीने देवीपुढे उभे राहावे का?

घरात दोन तट पडले. पुतणीने आधीच पळवाट शोधून ठेवली होती. बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची नावे आहेत. ब्रिजिडचे नाव कुठे आहे? आईंनी तिला तिथेच गप्प केले. "नाव नाही म्हणून चालतं, असं वकिलानं म्हणावं. बाबासाहेब मोठे वकील होते, पण प्रतिज्ञा त्यांनी कोर्टासाठी नाही दिल्या." आईंच्या माहेरी १९५६ नंतर देव्हाऱ्यातले चांदीचे टाक नदीत सोडले. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. टाक बुडताना चमकला तेवढा त्यांना आठवतो आणि त्यांच्या आजीचे हुंदकेही आठवतात. त्या म्हातारीने आयुष्यभर त्या टाकाला हळद लावली होती. तिचे रडणे खोटे नव्हते आणि सोडणेही खोटे नव्हते. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी दगड खाल्ले, वर्षे गेली आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या दारासाठी मार खाल्ला ते दारच नको झाले. अशा घरातल्या मुलीने आता परक्या देशात जाऊन तिथल्या देवीची मेणबत्ती सांभाळायची, हे आमच्या घरातल्या काहींना पटेना. आमच्यातही एकाचे मत तेच होते, दुसऱ्याचे वेगळे होते. कोणाचे काय ते सांगत नाही, संसार करायचा आहे.

या वादात भुईगावचा दगड आठवला. आपल्यातल्या पुष्कळांना सोपाऱ्याचा स्तूप ठाऊक असतो. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली बुरुड राजाचा कोट उकरला आणि आत दगडी पेटी, एकात एक डब्या, सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पण नववा शिलालेख भुईगावात सापडला हे भुईगावच्या शेजारी राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना तो मिळाला, आणि साल होते १९५६. नागपूरला दीक्षा झाली ते साल, बाबासाहेब गेले ते साल. दोन हजार वर्षांहून अधिक काळ जो दगड मातीत पडून होता तो नेमका त्याच वर्षी वर यावा! आम्ही चमत्कार मानत नाही, पण गंमत तर वाटतेच. आता दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

या नवव्या लेखात अशोक बोलतो ते नेमके अशाच गोष्टींबद्दल. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगल विधी करतात. आया-बाया तर कितीतरी किरकोळ विधी करतात. (इथे आई म्हणाल्या, "आणि पुरुष काय कमी करतात? सम्राटाला सांगा." आम्ही सांगितले असते.) अशोक हे विधी बंद करा म्हणत नाही. करावेत म्हणतो, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ धम्म-मंगलाचे. आणि धम्म-मंगल म्हणजे काय, तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांशी संयम, श्रमण आणि ब्राह्मणांना दान. आपल्या लग्नात महामंगल सुत्त म्हणतात, त्यातही आईवडिलांची सेवा आणि बायकामुलांचा सांभाळ यालाच मंगल म्हटले आहे. राजाने तेच दगडावर कोरून समुद्रकाठच्या बंदराशी ठेवले. तिथे परदेशी गलबते यायची, दहा देशांचे दहा देव यायचे. मीठ, कापूस आणि मणी यांच्यासोबत देवही उतरत असतील. त्यांच्यातल्या कोणाच्याही देवाचे नाव न घेता त्याने नोकराशी कसे वागावे ते सांगितले.

आम्हाला या लेखातून एक फरक कळला. कोणाच्या देवाला हात जोडणे वेगळे आणि कोणाच्या घरच्या कार्यात पाणी वाढणे वेगळे. शेजारच्या कुपारी घरात सणाला आमची आई भांडी घासू लागते, म्हणून ती ख्रिस्ती होत नाही. त्यांची मुले १४ एप्रिलला आमच्या मंडपात खुर्च्या उचलतात, म्हणून ती बौद्ध होत नाहीत.

तरीही एक गाठ उरली होती आणि ती आमच्या मते सगळ्यात अवघड. युरोप-अमेरिकेत काही टोळ्या याच जुन्या देवांना पुढे करून रक्ताची भाषा बोलतात. हे आमच्या पूर्वजांचे देव, गोऱ्या रक्ताचे देव, इतरांनी लांब राहावे. केल्टिक क्रूसाची गोल खूण अशा वंशवादी टोळ्यांनी झेंड्यावर घेतलेली आहे. जन्मावरून कोण जवळ येईल आणि कोण लांब राहील हे ठरवणारा देव कोणत्याही देशाचा असो, तो आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे. आम्ही पुतणीला म्हटले, देवी कोण हे मागून बघू. आधी त्या मेळ्यात तुझ्या रंगाच्या माणसाला टेबलामागे बसू देतात की टेबलापुढून हुसकतात ते विचार. आणि विचारताना लाजू नकोस.

तिने विचारले. सहकारिणीने मेळ्याच्या नियमांचा कागद दाखवला. वंश, रंग, जन्म यावरून कुणालाही अडवले तर अडवणाऱ्यालाच बाहेर काढू, असे त्यात लिहिलेले होते. पूर्वी एकदा तशी एक टोळी आली होती आणि तिला दाराबाहेर काढले होते, असेही ती म्हणाली. पुतणीनेही तिला स्पष्ट सांगितले की मी बसेन, मेणबत्ती सांभाळेन, लोकांना माहिती सांगेन, पण हात जोडणार नाही, नवस बोलणार नाही, कपाळाला काही लावून घेणार नाही. ती बाई म्हणाली, "मला माणूस हवा होता, भक्त नको. भक्त खूप आहेत, वेळेवर येणारे कमी."

असा तो तास झाला. टेबलावर दुधाची वाटी, ओटची भाकरी, लव्हाळ्याच्या काड्यांची विणलेली चौकोनी खूण आणि एक लहानशी लोहाराची हातोडी होती. पुतणीला हातोडी फार आवडली. तिचा आजा रेल्वेच्या वर्कशॉपात घण मारायचा. घणाला आणि हातोडीला मान देणारे टेबल तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. आपल्याकडे ऐरण पुजली तरी लोहाराला ओट्याखालीच बसवत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला विचारले, तू या देवीची का? ती म्हणाली, नाही, मी बुद्धाच्या वाटेने जाणारी, पण माझ्या काका-काकूंच्या गावाशेजारी एक दगड सापडला आहे. मग तिने भुईगावची गोष्ट सांगितली. गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. त्यांनी फक्त एवढेच विचारले की तो दगड गावातच ठेवला आहे का. पुतणीने सांगितले, नाही, संग्रहालयात नेला. ते म्हणाले, "आमचेही सगळे तिकडेच आहे."

शेवटी तिने वाट्या धुतल्या, टेबलावरचे मेण खरवडले, दूध बागेतल्या झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि रात्रपाळीला गेली. इथे घरातल्या सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. आमचे एक नातेवाईक अजून म्हणतात की आज मेणबत्ती, उद्या आरती. त्यांची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. आपल्याच वस्तीत १४ एप्रिलची मिरवणूक काढणारी काही घरे गणपतीत दार लावून आरती करतात, ते आम्हाला दिसते. तिथे लपून चालते. पुतणीने फोन करून विचारले, आणि जे केले ते सगळ्यांसमोर केले. आमच्या हिशोबी हा फरक लहान नाही.

आता बुद्ध पौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तुपाशी आमच्या वस्तीचे टेबल असते. पांढरी चादर, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, मेणबत्त्या, पुस्तके, थंड पाण्याचे पिंप. पिंप भरणे हेच सगळ्यात कष्टाचे काम, आणि ते टाळणारे सगळ्यात जास्त. या वेळी अशोकाच्या नवव्या लेखाचा सोप्या मराठीतला सारांश मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाला लावायचे ठरले आहे. अक्षर चांगले असलेली मुलगी आठवीत आहे. परीक्षा झाल्या की ती लिहायला बसेल. पुतणीची ती सहकारीण हिंदुस्थान पाहायला येणार आहे आणि तिला या टेबलाशी तासभर बसायचे आहे.

आई लगेच म्हणाल्या, "बसू दे की. तिला सांग, मेणबत्तीसाठी काचेची बरणी घेऊन ये. टेकाडावर वारा फार असतो."