बा ऐकत होत्या

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जुहूला गांधीग्राम रोडच्या बाजूला राहायचो. शेजारच्या बेन दुपारची कामं आटोपली की गॅलरीत वाचत बसायच्या. एकदा त्यांच्या हातात दिनकर जोशींची ‘प्रकाशनो पडछायो’ दिसली. गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्यावरची कादंबरी. मला गुजराती बोलता यायचं, वाचताना मात्र ज, झ, ख ही अक्षरं दर वेळी दगा द्यायची. म्हणून बेन मोठ्याने वाचायच्या आणि मी समोर बसून मेथी निवडत ऐकायचे. ‘पडछाया’ शब्द तर आपलाही आहे. त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

कादंबरी संपेपर्यंत मी पुरती हरिलालच्या बाजूची झाले होते. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. लोक त्याला ‘छोटे गांधी’ म्हणायचे. डॉ. प्राणजीवन मेहतांनी विलायतेच्या शिक्षणाचा खर्च देऊ केला, तेव्हा बापूंनी आधी पुतण्या छगनलालला पाठवलं. तो आजारी पडून परतला, तर सोराबजी अडाजणियांना. स्वतःच्या मुलाला नाहीच. बॅरिस्टर व्हायचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. मी चिडून बोलायचे आणि बेन शांतपणे म्हणायच्या, “अगं, घरच्यालाच दिलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं?” आमचा हा वाद रोजचा झाला होता. दोघींपैकी एकीच्याही तोंडी कस्तुरबांचं नाव येत नव्हतं, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

मग पेपरात जाहिरात दिसली. त्याच कादंबरीवरून अजित दळवींनी लिहिलेलं ‘गांधी विरुद्ध गांधी’, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. मी पार्ल्याला दीनानाथची दोन तिकिटं काढून आणली. बेनना मराठी नाटकाची सवय नव्हती. “समजेल ना मला?” असं त्यांनी रिक्षात तीनदा विचारलं.

अतुल कुलकर्णी तेव्हा नवे होते. ऐन तारुण्यातला नट म्हातारे बापू कसे उभे करणार, अशी मला शंका होती. थोड्याच वेळात ती गेली. पण त्या रात्री माझ्या मनात घर केलं ते कस्तुरबांनी. पुस्तकात हरिलालचं गाऱ्हाणं वाचताना आपण त्याच्याबरोबर असतो, बापूंचं उत्तर वाचताना त्यांच्याबरोबर. एका वेळी एकाचंच ऐकू येतं. रंगमंचावर बोलणाऱ्याबरोबर ऐकणारं माणूसही दिसतं. बापलेक एकमेकांना बोलत होते आणि त्यातला प्रत्येक शब्द जिला लागत होता ती बाई समोर उभी होती. ती कुणाची बाजू घेणार? मी शेजारी पाहिलं. बेननी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. अंधारात त्यांच्या बांगड्या मधूनच किणकिणत होत्या.

नाटकात सगळं आलं असं मी म्हणणार नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पत्नी गुलाबबेन गेल्यावर कादंबरीतला हरिलाल पानापानानं खचत जातो. ते खचणं दोन-अडीच तासांत मावत नाही. तिथे मला प्रयोग घाईचा वाटला. पण बांच्या बाबतीत नाटकानं मला जे दाखवलं, ते वाचून मला कळलं नव्हतं.

मध्यंतरात बटाटेवडा घेऊन मी बेनकडे गेले. त्यांनी तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. परतताना रिक्षातही बोलल्या नाहीत. जिन्यात दाराची कडी काढता काढता फक्त म्हणाल्या, “आपण दोघी एवढ्या भांडलो, पण बांचं कोणी काही बोललंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर फिरायला गेलो. जुहूची ही जागा बापूंची आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं. 1924 च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यावर ते विश्रांतीसाठी इथे येऊन राहिले होते. बेनना एवढं ठाऊक होतं. वीस वर्षांनी, 1944 च्या मे महिन्यात, कैदेतून सुटल्यावर ते पुन्हा जुहूलाच आले, हे मी त्यांना सांगितलं.

“आणि बा?” त्यांनी विचारलं.

बा त्या वेळी बरोबर नव्हत्या. 22 फेब्रुवारीलाच त्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या होत्या.