फातोर्ड्याची शेवटची मिनिटं

मडगावचं फातोर्डा स्टेडियम १९८९ साली उभं राहिलं. कागदोपत्री ते पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बोलण्यात नुसतं फातोर्डा. त्याच ऑक्टोबरात नेहरू चषकातला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका एकदिवसीय सामना इथे झाला, पुढेही अधूनमधून क्रिकेट होत राहिलं. पण गोव्याचा जीव फुटबॉलमध्ये. १९९० साली गोव्याच्या संघाने मडगावात केरळला २-० असं हरवून संतोष चषक जिंकला, आणि तेव्हापासून हे मैदान फुटबॉलचंच झालं.

लक्ष्मीकांत कट्टीमनी हा गोवेकर गोलरक्षकही १९८९ चाच. मैदान आणि तो एका वयाचे. फातोर्ड्याचा इतिहास सांगायचा तर या माणसाला वगळून सांगताच येत नाही.

तो धेंपोकडून खेळू लागला ते दिवस गोव्याच्या क्लबांचे होते. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगचं विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेलं नाही : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने सहा वर्षं साऱ्या देशाला, अगदी कोलकात्यालाही, मागे ठेवलं. याचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो, म्हणजे कालचे प्रतिस्पर्धी, एफसी गोवाच्या मालकांमध्ये एकत्र आले. प्रशिक्षक म्हणून थेट ब्राझीलचा झिको आला. पूर्वेकडच्या खालच्या गॅलरीत ‘ईस्ट लोअर आर्मी’ म्हणवणारे पाठीराखे जमू लागले. दुसऱ्याच हंगामात याच मैदानात मुंबई सिटीचा ७-० असा धुव्वा उडाला. डुडू आणि हाओकिप, दोघांचीही हॅटट्रिक. पण ही लीग आल्यापासून दोनच वर्षांत, २०१६ मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. नव्या दिमाखाची ही किंमत फार मोठी होती.

२० डिसेंबर २०१५. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, घरचं मैदान, समोर चेन्नईयिन. एफसी गोवाच्या गोलजाळ्यापुढे कट्टीमनी. त्याने या सामन्यात पेनल्टीसुद्धा अडवली होती. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोव्याला २-१ अशी आघाडी मिळाली आणि चषक हाताशी आला. मग ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्या हातून स्वतःच्याच जाळ्यात गेला. नोंद झाली : स्वयंगोल. सावरायलाही वेळ मिळाला नाही, तोच चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. गोवा २, चेन्नईयिन ३. पाच मिनिटांत सगळं फिरलं. इतका वेळ संघाला सामन्यात टिकवून धरलेल्या गोलरक्षकाच्या नावावर कायमची लागली ती एकच चूक. गोलरक्षकाच्या वाट्याला येणारा हा अन्याय दुसऱ्या कुणा खेळाडूच्या वाट्याला येत नाही.

मग करोना आला. मार्च २०२०चा लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यावर रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला. पुढच्या वर्षीही तेच : १३ मार्च २०२१ला बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल करून मुंबईला विजेतेपद मिळवून दिलं, आणि ते पाहायला गॅलरीत कुणी नव्हतं. महिन्याभराने एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. फातोर्ड्यावर त्याने कतारच्या अल रय्यानला ०-० असं रोखलं. ज्या पाठीराख्यांनी वर्षानुवर्षं घसा फोडला, त्यांना हा दिवस घरी बसून पाहावा लागला.

२० मार्च २०२२ला गॅलऱ्या पुन्हा भरल्या, पण पिवळ्या जर्सींनी. पुन्हा लीगचा अंतिम सामना, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हैदराबाद. हैदराबादचा गोलरक्षक होता कट्टीमनी. केरळने आघाडी घेतली. ८८व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्याच मुलाने बरोबरी साधली. सामना पेनल्टींवर गेला. कट्टीमनीने लेस्कोविचची पहिली किक अडवली. मग निशू कुमारची अडवली, तर पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. कट्टीमनी रेषेच्या पुढे आला होता. निशूने पुन्हा मारली, त्याने पुन्हा अडवली. शेवटी जिक्सनचीही अडवली. ३-१. त्याच मैदानावर सहा वर्षांनी त्याने चषक उंचावला, फक्त अंगावर जर्सी गोव्याची नव्हती.

घरच्या संघाचं दुखणं मात्र गेलं नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये लीगच्या उपांत्य फेरीत फातोर्ड्यावर ९०व्या मिनिटापर्यंत एफसी गोवा मुंबईविरुद्ध २-० असा पुढे होता. सामना संपला तेव्हा मुंबई ३-२ ने जिंकली होती.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सुपर कपचा अंतिम सामना फातोर्ड्यावर आला. गोलशून्य बरोबरी, मग पुन्हा पेनल्टी. या वेळी एफसी गोवाने ईस्ट बंगालला ६-५ असं हरवलं आणि गोव्याच्या संघाने आपल्या लोकांसमोर चषक हाती घेतला. इंडियन सुपर लीगचं विजेतेपद अजून मिळवायचं आहे, आणि ते मिळेल तेव्हा इथेच मिळावं.