वाशिमची विहीर आणि लोणारचे पाणी

माझी सासुरवाडी वाशिमची. पुण्यात कोणाला हे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, “वाशी म्हणजे नव्या मुंबईचे?” मग मी त्याला वत्सगुल्माची कथा ऐकवतो. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ रचले. आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले, ते याच गावी. मराठीच्या प्राध्यापकाला याहून भारदस्त सासुरवाडी कुठे मिळायची?

2025 ची दिवाळी आम्ही तिथे केली. सासऱ्यांना सारे घर नाना म्हणते. वय ब्याऐंशी, शाळामास्तर म्हणून निवृत्त. त्यांच्या परसात दगडात खोदलेली पायऱ्यांची विहीर आहे. ती वाकाटकांच्या वेळची, असे नाना ठासून सांगतात. पुरावा विचारू नये. मी बावीस वर्षांत विचारलेला नाही.

विचारले ते आमच्या कन्येने. ती अकरावीला विज्ञान शिकते. म्हणाली, “आजोबा, विहीर वाकाटकांची, पण ज्या दगडात खोदली तो दगड कधीचा?”

“दगडाचं काय विचारतेस? दगड पृथ्वीइतकाच जुना.”

“नाही आजोबा. हा दगड फार नवा आहे.”

नानांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, जणू पोरीला मीच फितवली होती.

विहिरीच्या पायऱ्या उतरताना वाशिमची सारी बखर दिसते. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, त्यात गारगोट्यांचे पांढरे डोळे, आणि तळाला घणाला दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच वीतभर जाडीचा तांबडा पट्टा. कन्येने सांगितले ते असे : जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस वाहिला, थिजला, मग काही काळ पृथ्वीने दम खाल्ला, त्या अवधीत वरचा दगड झिजून त्याची तांबडी माती झाली, आणि मग पुन्हा शिलारसाचा लोट तिच्यावर आला. साऱ्या दख्खनच्या पठाराची हीच कहाणी. काळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

“6.6 कोटी म्हणजे नवं?” नाना.

पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे. कन्येने ते एका वर्षात बसवले. मी आणि नानांनी पंचांग घेऊन त्याच्या तिथ्या लावल्या. वर्ष धरले दिवाळीच्या पाडव्यापासून पुढल्या लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीपर्यंत. पाडव्याला पृथ्वी जन्मली. पहिले दिवस आगीचे आणि उल्कांच्या माऱ्याचे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खडकांत जीवांच्या सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. त्या पौष सरता सरता येतात. हवेत प्राणवायू साचू लागला चैत्राच्या वद्य पक्षात. तोवर आणि पुढेही कितीतरी महिने सारा कारभार डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या हाती. डोळ्यांना दिसतील असे प्राणी पितृपक्षात उगवतात. आणि वाशिमचा पाषाण? रमा एकादशीच्या आदल्या दिवशी. वत्सगुल्माच्या वाट्याला मध्यरात्रीआधीचे दहा-बारा सेकंद आले. माझे काव्यपुरुष आणि साहित्यविद्या त्याच्याही अलीकडे!

नाना बराच वेळ पंचांगाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे आरंभाचं काहीच नाही म्हणा की.”

त्यांच्या आवाजात खरेच दुःख होते. जन्मभर गावाचे पुरातनत्व सांगत आलेल्या माणसाच्या हातून आम्ही ऐन दिवाळीत ते काढून घेतले होते.

तोड काढली ती माझ्या मेहुण्याने. तो शेती करतो, सोयाबीन आणि तूर, बोलतो थोडे. “लोणारला जाऊन येऊ,” तो म्हणाला. रिसोड ओलांडले की वाशिम जिल्ह्याची हद्द संपते आणि पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणार. नाना मूळचे रिसोडकडचे. त्यांची आई पापडाचा खार लोणारचाच वापरी. त्या खाराला दल्ला, पापडी, भुसकी अशी किती नावे होती, ते नाना रिसोड येईपर्यंत सांगत होते.

लोणारची ओळख दोन प्रकारे होते. एक लोणासुराची : विष्णूने त्याला मारले, त्याचे देऊळ दैत्यसूदनाचे. दुसरी, आकाशातून आलेल्या पाषाणाची. तो इथे आदळून काळ्या दगडात पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचा वाडगा झाला. 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांतील आघाताच्या खुणा दाखवून दिल्या, आणि हे ज्वालामुखीचे तोंड नव्हे हे पक्के झाले. वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानीत. 2011 च्या मोजणीने ते 5.7 लाखांवर नेले. आमच्या पंचांगात तेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराच्या सुमारास! तेव्हा आरंभ इथे झाला, असे कोणी म्हणत नाही. पण पृथ्वीच्या बाळपणी अशी विवरे आणि अशी तळी जागोजाग असणार.

नाना धारेजवळ सावलीत बसले आणि आम्ही उतरलो. वरून हिरवेगार दिसणारे तळे जवळ गेल्यावर अंडे नासल्यासारखा वास मारू लागते. पाण्याला बाहेर पडायची वाट नाही. येते ते झऱ्यांचे आणि पावसाचे, जाते ते फक्त उन्हाने. मागे उरतो खार. आणि पाणी हिरवे दिसते ते नीलहरित जीवांमुळे. चैत्रात हवेत प्राणवायू भरला तो यांच्याच पूर्वजांनी. काठाच्या चिखलात प्राणवायूवाचून जगणारे, मिथेन सोडणारे जीव सापडले आहेत. त्यांचे घराणे आणखी जुने. 2020 च्या जूनमध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले : खारट पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्म जीव. पाऊस पडला, खार उतरला, रंग गेला.

कन्येला सांगायची होती ती गोष्ट वेगळीच. सजीवाच्या घडणीला फॉस्फरस लागतो. आनुवंशिकतेच्या साखळीचा कणा त्याचाच. पण निसर्गातल्या पाण्यात तो टिकत नाही, कॅल्शियम त्याला धरून खाली बसवते. मग पहिल्या जीवाला तो मिळाला कुठून? 2019 च्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठातील टोनर आणि कॅटलिंग या दोघांनी एक उत्तर सुचवले. (वाशिम आणि वॉशिंग्टन, नानांना हे नाते फार आवडले.) खाराच्या तळ्यात कार्बोनेट कॅल्शियमला आधीच पकडून ठेवते आणि फॉस्फरस पाण्यात मोकळा राहतो, साठत जातो. त्यासाठी त्यांनी जी तळी विचारात घेतली, त्यांत कॅलिफोर्नियाचे मोनो, केनियाचे मगादी आणि आपले लोणार होते.

मी मान डोलावली, समजले नव्हते. मेहुणा मात्र थांबला. “म्हणजे स्फुरद म्हणतेस तू?”

“हो मामा, स्फुरदच.”

“चुनखडीच्या वावरात डीएपी टाकला तर स्फुरद बसून जातो, पिकाले लागत नाही. तेच ना हे? इथं चुन्याचं तोंड खारानं बांधलं.”

महाविद्यालयात बावीस वर्षे शिकवून मला जे कळले नव्हते ते एका वाक्यात कळले. अर्थात हा एक तर्क आहे. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत जीव जन्मला असे मानणारेही मोठे शास्त्रज्ञ आहेत, आणि निकाल कोणाच्याच बाजूने लागलेला नाही.

कमळजा देवीच्या देवळाकडे जाणारी वाट पाण्याने अडवली होती. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी चढते आहे. वर आल्यावर मी नानांना हे सांगितले.

“पाणी वाढलं? मग चांगलंच झालं की!” नानांचा चेहरा उजळला. ज्याने मे महिन्यात विहिरीचा तळ पाहिला आहे, टँकरच्या रांगेत हंडे धरले आहेत, तो दुसरे काय म्हणणार? वाढलेले पाणी वाईट असते, हे वाशिमच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगावे?

मुलीने सांगितले. “आजोबा, गोडं पाणी वाढलं की खार पातळ होतो. मग हे जुने जीव इथं राहू शकणार नाहीत. साधं तळं होईल हे.”

नाना काठी टेकून कडेपाशी उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आमची आई खार नेताना देवीले आधी विचारायची.” रिसोड येईपर्यंत ते पुढे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात आवाज चढला. सासूबाई विहिरीच्या पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडायला खराटा घेऊन बसल्या होत्या आणि नाना वरून त्यांना थांबवीत होते. “राहू दे अहो, त्यात चैत्रातले जीव आहेत!”

“चैत्रातले असोत की श्रावणातले,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, “पाडव्याला पोरीचा पाय घसरला म्हणजे?”

चार पायऱ्या साफ झाल्या. पाचवी, पाण्यालगतची, नानांनी ठेवून घेतली.