गाळपेराच्या कडेची शाळा

कारखान्याचा प्रस्ताव आला की गाव आपणहून प्रश्न विचारतं. शाळेचा आला की सरपंच, पालक, पुढारी सगळे एका बाजूला आणि तपासणारा एकटा दुसऱ्या बाजूला. मी पर्यावरण अभियंता आहे. शिक्षणसंस्थांचे विस्तार प्रस्ताव तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. नांदेड-लातूरकडे हे प्रस्ताव सतत येतात, कारण परीक्षेच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'ने निकालाबरोबर वसतिगृहंही वाढवली.

फाइलमध्ये एक रकाना ठरलेला असतो : जवळपास संरक्षित पाणथळ आहे काय? उत्तर असतं, 'नाही'. गंमत म्हणजे ते बहुधा खरंच असतं. महाराष्ट्रात रामसर दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ, जागा तीन : नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. मराठवाड्यात एकही नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी तर नदीपात्रं आणि पिण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेले साठे व्याख्येतूनच वगळले. आमच्याकडचं पाणी मात्र मुख्यतः याच साठ्यांत असतं. विष्णुपुरीचा जलाशय घ्या, मानार घ्या किंवा लिंबोटी. चक्रवाक पक्षी हिवाळ्यात उतरतो तो व्याख्या वाचून नाही. अधिसूचित पाणथळीच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला बंदी आहे. आमच्या तळ्यांना ते कवच नाही.

दुसरी चाळणी पर्यावरण मंजुरीची. २०१४ पासून शाळा, महाविद्यालयं आणि वसतिगृहांना तिच्यातून सूट होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर ती सूट रद्द केली. शिक्षणही आता एक भरभराटीचा उद्योग झाला आहे, असा न्यायालयाचा सूर होता. मला हा निकाल पटतो. पण मर्यादा २०,००० चौरस मीटर बांधकामाची आहे. तालुक्याच्या गावातली बहुतेक विस्तारकामं तिच्या खालीच राहतात.

म्हणजे दोन्ही कायदे बाजूला ठेवून जमीन वाचावी लागते. संस्थेची माणसं जागा दाखवायला मे महिन्यात बोलावतात. तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं, ओसरत्या पाण्यामागच्या गाळात घेतलेली गाळपेराची पिकं निघालेली असतात आणि भेगाळलेली काळी जमीन क्रीडांगणासाठीच केल्यासारखी सपाट दिसते. मी आधी बेशरम शोधतो. फिकट जांभळ्या फुलांचं हे झुडूप जिथे रांगेने उभं असेल, तिथे पाण्याची ये-जा असते. मग पाणकणसाची वाळकी ताटं आणि झाडांच्या बुंध्याला अडकलेला काडीकचरा. शेवटी बांधावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, "मामा, पाणी कुठवर येतं?" ते काठीने दाखवतात ती रेघ आणि संस्थेच्या नकाशातली रेघ क्वचितच जुळते. पाटबंधारे खात्याकडून पूर्ण संचय पातळी आणि निळी-लाल पूररेषा मागवली की मामांचं बरोबर निघतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

यावर आर्किटेक्टचा ठरलेला तोडगा असतो मुरमाचा भराव. दोन मीटर उचलली की शाळा कोरडी! पण ओढ्याचं तोंड दाबलं की ते पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये जातं आणि रान चिबड होतं. शिवाय भरावाखाली काळी मातीच असते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कुंपणाची भिंत तिसऱ्या पावसाळ्यात तडकली की ठेकेदाराला शिव्या बसतात.

भरावापेक्षाही मला धास्ती असते सांडपाण्याची. ५०० मुलांचं वसतिगृह धरा. माणशी १३५ लिटरच्या मानकाने रोज ६७,५०० लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के, म्हणजे ५४,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आराखड्यात एका कोपऱ्यात 'सेप्टिक टँक' असं लिहिलेलं असतं. तो भरल्यावर वरचं पाणी उताराने कुठे जाणार, हे कोणी लिहीत नाही. ते तळ्यात जातं. त्याच तळ्यावर गावाची नळयोजना असू शकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या मुलखात आपण हे करतो, याचा मला राग येतो.

विस्तार नकोच, असं माझं म्हणणं नाही. मुलींचं वसतिगृह झालं नाही तर तांड्यावरच्या मुलीचं शिक्षण दहावीला थांबतं, हे मी जाणतो. बैठी इमारत पसरवण्याऐवजी मजला चढवा. पाण्याकडची पट्टी मोकळी सोडा. सांडपाणी शुद्ध करून झाडांना द्या. २,००० चौरस मीटरच्या छतावर ८०० मिलिमीटर पावसात १२ लाख लिटरहून जास्त पाणी गोळा होऊ शकतं. ते साठवा किंवा मुरवा.

संस्थाचालकांना विनंती एवढीच : तळ्याकाठची जमीन घ्यायची असेल तर इसार देण्याआधी ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदा पाहून या आणि जाताना गावातला एखादा जुना शेतकरी सोबत घ्या.