टपावरून डिकीत

एसटीच्या मागे लोखंडी शिडी आणि टपावर कठडा असायचा, तेव्हा सायकलीच्या प्रवासाची कुणाला फारशी चिंता नव्हती. आंब्याच्या पेट्या, ट्रंका, वळकट्या यांच्या शेजारी ती आडवी पडायची, कंडक्टर तिचं वेगळं तिकीट फाडायचा आणि गाडी सुटायची. कराडच्या एका शाळामास्तरांनी १९७९ साली लेकीसाठी कोल्हापुरात घेतलेली सायकल अशीच गावी आली. काळी, वजनदार, मधली दांडी खाली वळलेली लेडीज सायकल. हमाल ती टपावर टाकणार, एवढ्यात मास्तर स्वतःच शिडी चढले. पाना काढून हँडल ढिलं केलं आणि चाकाच्या रेषेत वळवलं, पेडल आत फिरवलं, कठड्याला जिथे रंग घासला असता तिथे गोणपाट कोंबलं आणि काथ्याने तीन ठिकाणी आवळून बांधलं. खाली उतरल्यावर लेकीला एवढंच म्हणाले, बाहेर काही येता कामा नये, लोखंडाला लोखंड लागता कामा नये आणि गाठ हलता कामा नये.

ती लेक आज साठीच्या पुढे आहे, पुण्यात राहते आणि अजून सायकल चालवते. मोटारीवर सायकल न्यायची साधनं तिने पुढे बरीच वापरली. प्रत्येकाला तिने वडिलांच्या याच तीन कसोट्या लावल्या.

लग्नानंतर घरात जुनी फियाट आली. त्या काळच्या गाड्यांना छताच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असे. फियाटला होती, अँबॅसडरला होती. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवायचे आणि बोल्ट आवळायचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या डोक्यावरचे कॅरिअर किती सामान वाहत, हे मुंबई सेंट्रलला उतरलेल्या कुणालाही आठवेल. छत मजबूत, पकड पत्र्यात, बांधायला आडव्या नळ्या भरपूर. मुलांच्या छोट्या सायकली उन्हाळ्याच्या सुटीत कराडला जायच्या त्या याच कॅरिअरवरून, आणि खाली गोणपाटही असायचंच.

पुढे गाड्यांची अंगं गुळगुळीत झाली आणि पन्हळ गेली. आता छतावर आडव्या दांड्या बसवायच्या तर त्यांचे पाय दाराच्या चौकटीत चिमट्याने धरावे लागतात, आणि प्रत्येक गाडीच्या छताचा बाक वेगळा, म्हणून प्रत्येक मॉडेलला वेगळा चिमटा. ‘थुले’ ही स्वीडिश कंपनी १९४२ साली मासे पकडायच्या सापळ्यापासून सुरू झाली आणि पुढे अशा कॅरिअरसाठी जगभर ओळखली जाऊ लागली. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या छतावर ज्या चकचकीत पट्ट्या दिसतात, त्या मात्र शोभेच्या असतात. त्यांवर भार टाकू नका, असं गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान विकत घेण्यापूर्वी वाचावं, असं ती भेटेल त्याला कळकळीने सांगते. छत किती वजन पेलेल तेही त्याच पुस्तिकेत असतं, बहुधा पन्नास ते पंचाहत्तर किलोच्या दरम्यान, आणि त्यात दांड्या नि कॅरिअरचंही वजन धरायचं असतं. दांड्या पाच-सहा किलो, दोन सायकलींची दोन कॅरिअर आठ, दोन गिअरच्या सायकली तीस. पन्नासाची मर्यादा जवळ आलीच.

छतावरच्या सायकली सुरक्षित असतात, मागून कुणी ठोकलं तरी त्यांना काही होत नाही, दिवे आणि नंबरप्लेट मोकळी राहते. हे गुण मोठे आहेत. पण उंची मोजा. गाडी दीड मीटर, तिच्यावर मीटरभर सायकल. मॉलच्या तळघरात, सोसायटीच्या गेटवर, रस्त्यावर झुकलेल्या वडाच्या पारंब्यांखाली ही अडीच मीटरची उंची सतत लक्षात ठेवावी लागते. आणि वारा. कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या ॲलन मायर यांनी सहकाऱ्यासह २०१६ साली हिशेब मांडला होता की, छतावरच्या रॅकमुळे अमेरिकेत वर्षाला सुमारे दहा कोटी गॅलन जादा पेट्रोल जळतं. त्यातलं बरंचसं तर रिकाम्या रॅकपायी! प्रवास संपला की रॅक उतरवायचा, इतकं साधं ते काम आहे.

पट्ट्यांनी डिकीच्या झाकणाला लटकवायचा रॅक सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त विकला जातो. तिचं मत त्याच्या विरोधात ठाम आहे. आकडे झाकणाच्या कडेला अडकतात, ती कड काचेची किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरची असली तर धोका. खंबाटकी घाटातल्या चार वळणांत पट्टे सैल पडतात. सायकल लटकते ती मधल्या दांडीवर, म्हणजे बिनदांडीच्या लेडीज सायकलीला वेगळी नळी जोडावी लागते. खाली आलेलं चाक सायलेन्सरच्या धुरात तापतं. नंबरप्लेट आणि मागचा दिवा झाकला जातो, आणि तो कायद्याने मोकळा दिसायलाच हवा. वडिलांच्या तिन्ही कसोट्यांवर हा रॅक नापास होतो.

धाकटा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे तिने सगळ्यांत नेटकं उत्तर पाहिलं. तिथे पुष्कळ गाड्यांना मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा असतो. सायकलींचा स्टँड त्या गोळ्यावर बसतो. सायकल कमरेइतकीच उचलावी लागते. स्टँडला स्वतःचे दिवे असतात, त्यांची वायर गाडीत खोचायची, आणि गाडीचाच नंबर असलेली दुसरी पाटी त्यावर लावायची. गोळ्याची पेलण्याची मर्यादा बऱ्याच गाड्यांना पंचाहत्तर किलो असते. पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन ई-बाइक आणि वीसेक किलोचा स्टँड त्यात बसतो. आपल्या रस्त्यांवर असा गोळा असलेली मोटार क्वचितच दिसते, आणि याची तिला खरीच हळहळ वाटते. साठीतल्या खांद्यांना पंधरा किलोची सायकल डोक्यावर उचलायला सांगणं योग्य नाही.

स्पर्धांची गोष्ट वेगळी. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या ‘डेक्कन क्लिफहँगर’मध्ये स्वार साधारण ६४० किलोमीटर न थांबता जायचं बघतो आणि त्याची मोटार मागोमाग असते. पंक्चर झालं की जोडीची सायकल मिनिटभरात हातात यायला हवी, म्हणून ती बाहेरच लावतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. जवळपास ४८०० किलोमीटरच्या त्या वाटेवर रात्री स्वाराच्या पाठीशी मोटार चालत असते. ते वाचल्यापासून तिला सोबतच्या मोटारीतल्या माणसांविषयी विशेष आदर वाटतो.

स्वतःपुरता तिने निर्णय केव्हाच केला आहे. एक-दोन सायकली असतील तर मोटारीच्या आत. मागची सीट पाडायची, जुनी चादर अंथरायची, पुढचं चाक काढायचं. टुलिओ काम्पान्योलो या इटालियन स्वाराने खटक्याने सुटणारं चाक शोधलं, त्यामुळे हे काम पान्याशिवाय होतं. सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर, कारण मागच्या गिअरला धरणारा ॲल्युमिनियमचा तुकडा जरा दाबला तरी वाकतो. डिस्क ब्रेक असतील तर सुटलेल्या चाकाच्या जागी पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी खोचायची. नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. आणि मग बेल्टने घट्ट बांधायचं, कारण जोरात ब्रेक लागला की आतली सुटी सायकल पुढच्या सीटवर येते. पाऊस नाही, चोरी नाही, वारा नाही. चार जणांचं कुटुंब आणि चार सायकली असतील, तर छताला पर्याय नाही, हेही ती मोकळेपणाने सांगते. मग पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे.

यंदा मुलीला नवी गाडी घ्यायची आहे. शोरूमला जाताना आई स्वतःची सायकल बरोबर नेते, पुढचं चाक काढते आणि सेल्समनला डिकी उघडायला सांगते. सायकल आत बसली तरच किमतीचं बोलणं सुरू होतं. आतापर्यंत दोन गाड्या नापास झाल्या आहेत, आणि मुलीलाही ते पटलं आहे.