पेटी बदलावी, खाते जपावे

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हंगामात येथील मोंढ्यात सौदा, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची उचल व पट्टी यांच्या नोंदींना उसंत नसते. पूर्वी त्या लाल चोपडीत होत. आता बहुतांशी संगणकावर होतात.

शिकून आलेली पिढी हा हिशेब ‘कंटेनर’मध्ये चालवावा, असे सुचविते. वडीलधाऱ्यांना हा शब्द न्हावाशेवा बंदरामुळे परिचित आहे आणि कल्पनाही मालवाहतुकीचीच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या. पेटीत काय आहे, याची चिंता जहाजाला उरली नाही. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने सॉफ्टवेअरसाठी तीच सोय सुलभ केली. प्रणाली आणि तिला लागणारे साहित्य एकाच पेटीत बांधले जाते. ती दुकानात चालते तशीच दूरच्या संगणकावरही चालते.

ही पेटी चालविण्यासाठी पडद्यावर आज्ञा लिहितात. ‘डॉकर पुल’ तयार साचा आणते, ‘डॉकर रन’ त्यातून पेटी उभी करून चालू करते, ‘डॉकर पीएस’ चालू पेट्यांची यादी दाखविते. ‘डॉकर स्टॉप’ने पेटी थांबते, तरी आतील नोंदी राहतात. ‘डॉकर आरएम’ मात्र पेटीच मोडते आणि आत लिहिलेले सारे तिच्याबरोबर जाते. साच्यातून नवी पेटी क्षणात उभी राहते. पण ती कोरी असते.

म्हणून ‘रन’ आज्ञेतच ‘व्हॉल्यूम’ जोडावा लागतो. हे पेटीबाहेरचे कोठार होय. प्रणाली नोंदी तेथेच लिहीत असेल, तर पेटी कितीही वेळा बदलली तरी खाते टिकते. तथापि कोठार म्हणजे दुसरी प्रत नव्हे. संगणकाची डिस्क बिघडली तर तेही जाते. म्हणून रोजची नक्कल अन्य ठिकाणी ठेवणे अगत्याचे.

शेतकऱ्याची उचल किती आणि पट्टी चुकती झाली का, हे दाखविता न येणाऱ्या पेढीची पत फार काळ टिकत नाही. यास्तव हंगामापूर्वी एखाद्या निवांत दिवशी दोन-चार खोट्या नोंदी कराव्यात, पेटी मोडावी, नवी उभी करावी आणि नोंदी दिसतात का ते पाहावे. दिसल्या, तरच खरा हिशेब तिच्या स्वाधीन करावा.